न सुकणारा रंग

रेवदंड्याच्या बाजारात एका सलूनच्या पायरीशी, पाण्याच्या पिंपावर, वीतभर उंचीचा एक बाहुला उभा असतो. त्याला केस येतात. खोटं वाटेल, पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मी गावात राहायला गेले तेव्हा तो तुळतुळीत होता, अंगात निळा शर्ट आणि गळ्यात नारंगी रुमाल. दिवाळीपर्यंत त्याच्या डोक्यावर बारीक लव आली. होळीच्या सुमारास तर गिऱ्हाइकं खुर्चीत बसता बसता सलूनवाल्याला विचारायला लागली, की आधी ह्याची कटिंग कधी करतोस.

तो बाहुला माझ्या घरमालकांनी केला होता. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले.

मी बँकेत आहे. मूळची सांगलीकडची. बदली होऊन रेवदंड्याला गेले तोवर समुद्र मी फक्त सहलीत पाहिला होता आणि मासा ताटात कधीच नाही. बँकेतल्या शिपायानं किल्ल्याच्या तटाला लागून असलेल्या गल्लीतलं हे घर दाखवलं. पुढे ओटा, मागे चार सुपारीची झाडं, आणि बाजूला स्वतंत्र दाराची एक खोली. चाचा ओट्यावर बसले होते. चौकड्यांची लुंगी, वर कडक इस्त्रीचा फुलशर्ट आणि खिशाला दोन पेनं, ज्यांनी ते काही लिहिताना मी कधी पाहिलं नाही. मी कोण, कुठली, एकटी राहणार का, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. उठले, माझ्याभोवती एक फेरी मारली, मान तिरकी करून डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि म्हणाले,

"कपाल मोटं हाय. रंग जास्ती लागंल."

मी शिपायाकडे पाहिलं. शिपाई तटाकडे पाहायला लागला. तेवढ्यात आतून पीठ लागलेले हात ओढणीला पुसत त्यांची बायको बाहेर आली. "घाबरू नको बाय," ती म्हणाली. "ते सगल्यांनाच असं बघतात." आणि मग जरा थांबून, "गावातल्या सगल्यांना."

तिला मी चाची म्हणायला लागले. तिच्या त्या थांबण्याचा अर्थ मला पुढे बऱ्याच महिन्यांनी कळला.

चाचांचं घड्याळ दीड तास मागे होतं. बिघडलं नव्हतं, दुबईच्या वेळेला लावलेलं होतं. परत येऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांनी काटे पुढे केले नव्हते. नमाज तेवढी इथल्या वेळेला, बाकी जेवण, चहा, झोप सगळं तिकडच्या. दुपारी गल्लीत भांडी घासल्याचे आवाज येऊ लागले की चाचा मनगटाकडे बघून म्हणायचे, "अजून टाइम हाय." चाची बिचारी ताट झाकून बसायची. मी एकदा म्हटलं, चाचा, घड्याळ नीट लावून का घेत नाही? तर म्हणाले, "घाई कशाला? चिकटू दे मना हितं. मंग लावीन."

'चिकटू दे' हे त्यांचं सगळ्यावरचं औषध होतं. माझं वरिष्ठांशी वाजलं, चिकटू दे. शेजारच्या पोरीचं सासरी मन रमेना, चिकटू दे. नवीन पाव भाजणाऱ्याचे पाव कच्चे निघतात, चिकटू दे त्याला धंद्याला. आधी मला वाटलं हा माणूस आळशी आहे. पण त्या शब्दामागे एक खरीखुरी गोष्ट होती, आणि ती सांगायची तर त्यांच्या सामानाची गोष्ट सांगायला हवी.

तरुणपणी चाचा वडिलांबरोबर खाडीवर होड्या रंगवायचे. पावसाळ्यात होड्या काठावर ओढल्या की ह्यांचा हंगाम. मग गल्लीतल्या निम्म्या पुरुषांसारखे तेही आखातात गेले. तिथे एका मोठ्या दुकानात खेळणी मांडायचं काम मिळालं. लहान मुलांची नव्हेत, मोठ्या माणसांनी जमवायची खेळणी. व्हायनिल नावाच्या गुळगुळीत मऊ प्लास्टिकचे, गोल डोक्यांचे, आखूड पायांचे बाहुले. चित्रकार मंडळी ते घडवतात, थोडेच काढतात, आणि हौशी लोक ते डब्यातून बाहेरही न काढता कपाटात ठेवतात. त्यातच एक प्रकार असतो कोऱ्या बाहुल्यांचा. पांढरेशुभ्र, डोळे नाहीत, तोंड नाही. घेणाऱ्यानं आपल्या हातानं रंगवावेत म्हणून. चाचांना सगळ्या दुकानात हेच आवडायचे. दुकान बंद झालं तेव्हा मालकानं काय हवं ते ने म्हटलं, आणि चाचांनी ह्या कोऱ्यांची खोकी उचलली.

आखातातून माणूस कायमचा परत आला की सामान उघडायला गल्ली जमते. अत्तर, साबण, बदाम, ब्लँकेट, विजेऱ्या. ज्याला त्याला काही ना काही मिळतं. चाचांची खोकी उघडली त्या दिवशी अख्ख्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, असं शेजारीण सांगायची. दोऱ्या कापल्या आणि आतून निघाले पांढरे, टकले, बिनतोंडाचे बाहुले. एकाखाली एक, एकाखाली एक. चाचीनं एक उचलून उलटसुलट केला आणि विचारलं, "आनि साबन?"

साबण नव्हता.

तरी चाचीनं पहिल्या दिवशी एकही वाकडा शब्द काढला नाही. बाहुले आत मांडायलाही दिले. पण चाचांनी ब्रश काढला आणि पहिल्या बाहुल्याला डोळे काढले, त्या संध्याकाळी ती दारात उभी राहिली. "घरात चेहरे नको," तिनं शांतपणे सांगितलं. "मी नमाज कुठं पढू?" तिच्या माहेरीही हाच नियम. कॅलेंडरवर माणसाचं चित्र असलं तर ते उलटं टांगायचं. चाचांनी वाद घातला नाही. बाहुला उचलला आणि बाहेर रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर नेऊन ठेवला. नाहीतरी रंग सुकवायला ऊन लागणारच होतं.

इथे चाचांची चूक झाली, आणि ती होड्या रंगवणाऱ्या माणसाच्याच हातून होऊ शकते. त्यांनी लावला होता होडीचा ऑइलपेंट. खाडीवरच्या कोळ्यांकडून उरलेले डबे आणले होते, निळा, नारंगी, हिरवा, होड्यांवर असतात तेच. लाकडावर तो रंग दोन उन्हांत वाळतो. बाहुल्यावर वाळेना. चाचांनी हवेला दोष दिला, मग डब्याला, मग खाडीच्या वाऱ्याला. आठवडे गेले, बाहुला बोटाला चिकटतोच आहे. आणि तो गडग्यावर, म्हणजे रस्त्यावर. रिक्षा जायच्या, लाल धूळ उडायची. बाहुल्यानं हनुवटीवर धुळीची दाढी धरली. एके दिवशी समोरून जाणारी बाई थबकली आणि म्हणाली, "चाचा, हा आपला रिक्षावालाच केलात की हुबेहूब!"

चाचा धावत बाहेर आले. त्यांनी रिक्षावाला केलाच नव्हता. त्यांनी नुसता माणूस केला होता, रिक्षावाला रस्त्यानं केला.

त्या दिवसापासून ह्या माणसाला काम मिळालं. ते माणूस निवडायचे, महिनाभर त्याला न्याहाळायचे, मान तिरकी करून, तीन बाजूंनी. मग बाहुल्यावर त्याचे कपडे, त्याचा रंग, त्याची उभं राहायची तऱ्हा उतरवायचे. आणि ओला बाहुला नेऊन त्या माणसाच्या जागेवर ठेवायचे. "मी रंग देतो. बाकी जागा देते," असं म्हणायचे. पिठाच्या गिरणीच्या खिडकीतला बाहुला पांढरा होत गेला. शिंप्याच्या पायरीवरच्याला दोऱ्यांच्या रंगीत मिशा आल्या. सलूनचं तर सांगितलंच. सुकी मासळी विकणाऱ्या कोळणीची बाहुली वाळवणाच्या बांबूवर बसली होती. तिच्यावर खवले चिकटून चिकटून ती उन्हात अशी लखलखायची की डोळे दिपावेत. कोळीण कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत म्हणायची, "माज्या लग्नान पन मी यवरी चमकली नव्हती."

चाचा संध्याकाळी फेरीवर निघायचे. शेतकरी बांधावरून जसा पिकावर नजर टाकतो तसे. प्रत्येक बाहुल्याला "सलाम" म्हणायचे, वाकून बघायचे, आज काय धरलंय ते. कुणाचं मूल खूप धूळ धरलेला बाहुला पुसायला गेलं तर एरवी शांत असलेले चाचा ओरडायचे, "अरे, त्याचा चेहरा पुसतोस?"

एकदा किहीमला बंगला असलेला एक तरुण गाडी घेऊन आला. अशा बाहुल्यांचा दर्दी होता. कुणीतरी फोटो दाखवला होता. गिरणीशी आला आणि त्यानं कपाळाला हात लावला. "हे कुणी केलं?" चाचा पुढे झाले. "अहो, हे जपून ठेवायचे असतात. रंगवायचेच तर त्याचे वेगळे रंग येतात, पाण्यातले. ह्या प्लास्टिकवर ऑइलपेंट कधीच सुकत नाही."

"कदीच न्हाय?" चाचांनी विचारलं.

"कधीच नाही."

"पक्कं?"

"शंभर टक्के!"

"अलहम्दुलिल्ला," चाचा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका खुलला की तो तरुण बघतच राहिला. "मना रोज धाक हुता. चार वरसांत सुकंल नि मंग सगलं थांबंल."

त्या पाहुण्यानं बाहुल्याला हात लावून पाहिला. बोटाचा ठसा उमटला तो कायमचा. चाचा पुढे कित्येक दिवस तो ठसा लोकांना दाखवत होते. "ह्ये किहीमचे पावने. ह्ये बी चिकटले."

मला हा माणूस आवडायचा, हे सांगायला मला काही संकोच नाही. माझा स्वभाव टापटिपीचा. टेबलावर धूळ दिसली की मला कसंतरी होतं. आणि तरी ह्या धूळ जमवणाऱ्या माणसाबरोबर फेरी मारताना मला दिवसभराच्या नोटा, शिक्के आणि कटकटी विसरायला व्हायचं. पण घरात मात्र त्यांचं वागणं मला खुपायचं. ते घरात पाहुण्यासारखे वावरायचे. स्वयंपाकघरात जायचं असलं की दारावर टकटक करायचे. "पानी मिलंल काय?" असं विचारायचे. माठ हाताच्या अंतरावर असायचा. झोपायला ओट्यावर. चाची एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली, "आपल्या घरात दार वाजवून येतंय मानूस. मी काय करू, सांग."

पावसाळ्यात बाहुल्यांचा प्रश्न यायचा. बाहेर ठेवले तर धुवून निघणार, आत चाचीचा नियम. मग ते माझ्या खोलीत आले. मला विचारलं गेलं, पण नाही म्हणायला जागा ठेवली नव्हती. चाचांनी भिंतीला तीन फळ्या आधीच ठोकल्या होत्या. पाऊस सुरू असताना माझ्या खोलीत अख्खं रेवदंडं मुक्कामाला असायचं. सकाळी डोळे उघडले की गिरणीवाला, शिंपी, कोळीण, पोस्टमन, सगळे माझ्याकडे टक लावून. केस पुसायचे तर ते चिकटू नयेत म्हणून मी आधी फळ्यांपुढे चादर टांगायची. माझीही बाहुली त्यात होती. कपाळ मोठं, रंग जास्त. ती बँकेच्या दाराशी ठेवायची चाचांची इच्छा होती, पण मॅनेजरांनी हात जोडले. म्हणून ती माझ्याच खिडकीत, अंगावर सुपारीच्या फुलोऱ्याचा भुगा घेऊन.

त्याच दिवसांत चाची माझ्याकडे जास्त यायला लागली. कधी गरम सांदणं, कधी नुसतं मीठ मागायला, आणि मीठ तर तिच्याकडे बरणीभर. बोलताना तिची नजर फळ्यांवरून फिरायची. वरच्या फळीवरून मधल्या, मधल्यावरून खालच्या. नवा बाहुला आलेला असला की तिथे थांबायची, मग पुढे सरकायची. शेवटच्या बाहुल्यापाशी पोचली की म्हणायची, "सगला गाव हाय हितं." आणि ताटली उचलून जायची.

मला हे कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा मी नको तेवढ्या मोकळेपणानं विचारलं. "चाची, तुमची कुठाय?"

"माजी कशाला?" ती लगेच म्हणाली. "मी काय बाजारात बसतंय?" दारापर्यंत गेली, चप्पल घातली आणि पाठमोरीच म्हणाली, "ज्याला बघावंसं वाटतं त्याचा चेहरा करतो मानूस."

मला फार वाईट वाटलं. रागही आला, चाचांचा. दुसऱ्या दिवशी ते खाडीवर, ओढून ठेवलेल्या होड्यांच्या आडोशाला डबे ढवळत बसले होते तिथे मी गेले आणि सरळ विचारलं. गावभर चेहरे करता, तुमच्या बायकोचा का नाही?

चाचांनी डबा खाली ठेवला. बाजूच्या पिशवीत हात घालून एक बाहुला काढला. त्याचं अंग रंगवलेलं नव्हतंच, आणि चेहरा इतक्या वेळा रंगवून खरवडला होता की प्लास्टिकला ओरखडे पडले होते.

"परत आल्यापासून ह्यालाच झगडतंय," ते म्हणाले. "हुत न्हाय."

"का?"

"मॅडम, मी तिला बघितलंय कुठं?" ते अगदी सहज म्हणाले, रडगाणं नव्हतं त्यात. "लगीन झालं, दोन महिन्यांत गेलो. मंग येनार कवा, दोन वरसांनी, महिनाभर. त्यातले आटदहा दिवस ती मना लाजनार, आटदहा दिवस पावने. जरा चेहऱ्याची सवय हुते, तवर तिकिटाची तारीख. दुसऱ्या बारीला येवं, तर चेहरा बदललेला. फोनवर आवाज यायचा. आवाज मना पाठ हाय. अंदारात शंभर बायका बोलल्या तरी वलकीन. पन आवाजाला रंग कुटला लावू?"

"आता तर रोज समोर आहेत. बघा की."

"बघतंय. पन मी बघतंय म्हटल्यावर ती तोंड फिरवते." ते हसले. "चिकटू दे म्हनतंय मी सगल्यांना. हितंच नेमकं काय धरत न्हाय."

हे चाचीला सांगावं असं मला शंभरदा वाटलं. पण नवराबायकोच्या मधे भाडेकरूनं किती यावं? मी गप्प राहिले, आणि दिवस चालले होते तसे चालले. ती फळ्या बघायला येत राहिली आणि ते चेहरा खरवडत राहिले.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली, सांगलीलाच. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण सामान बांधताना दर थोड्या वेळानं मी नुसतीच बसून राहायची. निघायच्या दिवशी सकाळी तोच दाढीवाला रिक्षावाला आला. चाचा मला अलिबागच्या स्टँडवर सोडायला येणार म्हणून आधीच आत बसले होते, मांडीवर माझी बाहुली पेपरात गुंडाळून. चाचीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटून हळूच फुंकर घातली. गालावरून बोटं फिरवली. आणि मग एकदम वळली. दाराच्या चौकटीला एक हात लावून, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

मला ते नवीन नव्हतं. दिवाळीला घरी जाताना पहिल्यांदा तिनं असं केलं तेव्हा मला लागलं होतं, पण परत आल्यावर तिनंच सांगितलं. तिच्या माहेरी जाणाऱ्याच्या पाठीवर नजर ठेवत नाहीत. प्रवास अडतो. गाडीचा आवाज विरेपर्यंत भिंतीकडे तोंड करून दुवा मागायची, मगच आत जायचं.

रिक्षा निघाली. मी मागे वळून पाहिलं. माझ्या शेजारी चाचांनीही वळून पाहिलं. पांढरी ओढणी, तिच्याखाली पाठीवर पडलेली वेणी, खांद्यात किंचित झुकलेली, चौकटीवर पिठाचा हात. गल्लीच्या कोपऱ्यावर आलो तरी दिसत होती.

"थांबव," चाचा म्हणाले.

रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक दाबला. "काय झालं चाचा? कुछ राहिलं काय?"

चाचांनी पेपरातली बाहुली माझ्या मांडीवर ठेवली आणि खाली उतरले. "मॅडम, तुमी जा पुढं. मना काम हाय."

"आत्ता?"

"आत्ताच."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते त्या दाराकडे बघत होते, मान तिरकी करून. दोन बॅगा, एक बादली आणि गॅसची शेगडी हे सगळं स्टँडवर मी एकटीनं ओढलं आणि वाटेत चाचांना बरंच काही बोलून घेतलं, मनातल्या मनात.

त्यानंतर वर्ष उलटून गेल्यावर मला परत जाता आलं. अलिबागला बँकेचं काम निघालं, ते आटपून मी रेवदंड्याची रिक्षा शोधली तर नेमका तोच दाढीवाला. मला बघून हसायलाच लागला. "त्या दिशी तुमाला सोरून परत आलो ना मॅडम, तं चाचा अजून कोपऱ्यावर उबा. मी इचारलं, चाची कवाची आत गेली, तुमी काय बगताव? बोलतो कसा, मी अजून बगतंय, तू जा."

बाजारात सलूनवाल्याचा बाहुला होता. केस आता कानांवर आले होते. गिरणीवाला होता, शिंप्याच्या मिशा जाड झाल्या होत्या. कोळीण लखलखत होती. चाचा ओट्यावर नव्हते, फेरीवर गेले असावेत. गडग्यावर, पायऱ्यांवर, खिडक्यांत मी चाचीची बाहुली शोधत होते. कुठेच नव्हती. मला वाटलं, नाहीच जमलं ह्यांना.

चाची मला बघून धावत आली. माझी विचारपूस झाली. माझी बाहुली कशी आहे, ती म्हणाली. मी सांगितलं, सांगलीला आमची शाखा हळदीच्या पेठेत आहे, पिवळीधमक झालीय. ती खूप हसली. मग मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली, पाटावर बसवलं, आणि परातीत पीठ घेतलं.

चुलीच्या वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, बाहुली होती. पाठमोरी. पांढरी ओढणी, खाली काळी वेणी, एक खांदा किंचित झुकलेला. एक हात पुढे, चौकटीला लावल्यासारखा. मी बघतच राहिले. कोपऱ्यावरून दिसली होती तशीच्या तशी.

"घरात चेहरे नकोत ना?" मी चेष्टेनं म्हटलं.

"चेहरा हाय कुठं? फिरवून बघ."

मी उठून बाहुली फिरवली. पुढच्या बाजूलाही ओढणी, वेणी आणि झुकलेला खांदा. दोन्हीकडून पाठच. चेहऱ्याच्या जागी खरवडल्याचे जुने ओरखडे होते, त्यांच्यावरून ओढणीचा पांढरा रंग फिरवला होता. हाताला चिकटली, पण जराशीच. अंगभर तांदळाचं पीठ धरलं होतं तिनं. चाचीनं भाकरी थापता थापता हात लांब केला आणि तिच्या खांद्यावर आणखी थोडं पीठ थोपटलं. पावडर लावावी तसं.

"चेहरा न्हाय म्हनून आत घेतली," ती म्हणाली. "न्हायतर घेतली नसती."

"मला माहितीये."

तिनं पिठाचा नवा गोळा घेतला. मग ती परातीकडे बघतच बोलली. "हरेक बारीला ह्ये जायाला निघायचे, मी दुवा करायची नि भिंतीकडं तोंड करून उबी राहायची. गाडीचा आवाज जाईस्तोवर. मनात एकच यायचं. मानसानं एकदा तरी मागं वलून बघितलं असंल काय. इचारू कुनाला? माजी तर पाठ." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "इतकी वरसं मना वाटायचं, ह्ये कदी बघतच न्हाईत. ही आनून ठेवली तवा म्हनाले, हरेक बारीला कोपऱ्यावरनं हीच पाठ बघितली."

बाहेर ओट्यावर चपला काढल्याचा आवाज झाला. चाचा दार न वाजवता आत आले, मला सलाम केला, माठातून स्वतःच्या हातानं पाणी घेतलं, आणि भाकरी झाली काय म्हणून विचारलं. चाचीनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले आणि तीन ताटं वाढली.